राजा सर टी. माधवराव : विचारणाऱ्याचे नेतृत्व

कावेरीच्या तीरावरील कुंभकोणम हे देवळांचे आणि विद्येचे गाव. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरला राज्य स्थापन केले आणि त्या मुलखात अनेक मराठी घराणी कायमची स्थिरावली. घरात मराठी आणि बाहेर तमिळ अशा वातावरणात ही कुटुंबे पिढ्यान् पिढ्या वाढली. अशाच एका देशस्थ घराण्यात १८२८ साली माधवरावांचा जन्म झाला. त्यांचे वडील रंगराव व चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोर संस्थानचे दिवाणपद भूषविले होते. सत्ता त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिली. पुढे मात्र जे मोठेपण त्यांना लाभले, ते घराण्याचे नव्हते. ते स्वतःच्या विचाराचे होते.

मद्रासच्या सरकारी विद्यालयात पॉवेल या नामवंत शिक्षकांच्या हाताखाली त्यांनी गणित आणि विज्ञान यांत प्रावीण्य मिळविले. काही काळ अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम केल्यावर १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. कारभारी होण्याआधी माधवराव शिक्षक होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात फार महत्त्वाची आहे. शिष्याला उत्तर देऊन टाकण्यापेक्षा त्याला विचार करावयास लावणे अधिक मोलाचे, ही शिक्षकाची दृष्टी पुढे त्यांच्या राजकारणातही दिसते.

संस्थानच्या महसुली कारभाराचा अनुभव घेऊन १८५८ साली, वयाच्या तिशीतच, ते त्रावणकोरचे दिवाण झाले. खजिना रिता होता, दरबारावर कर्ज होते. कर वाढविणे हा सोपा मार्ग होता. माधवरावांच्या सुधारणा पाहिल्या, तर त्यांनी वेगळाच प्रश्न हाती घेतला होता असे दिसते : या व्यवस्थेचा लाभ कोणाला होतो आणि तिचा भार कोण वाहतो? मिरी आणि तंबाखू यांचे सरकारी मक्ते त्यांनी मोडले, जाचक जकाती कमी केल्या. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना त्या जमिनीवर मालकीचे हक्क मिळाले. व्यापार वाढला, कर्ज फिटले, रस्ते आणि शाळा उभ्या राहिल्या. १८६६ साली त्यांना सर ही पदवी मिळाली.

तथापि या उजळ कारकिर्दीत एक सल आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. दक्षिण त्रावणकोरातील नाडार समाजाच्या स्त्रिया अंगभर वस्त्र नेसण्याच्या हक्कासाठी झगडत होत्या. दिवाणपदाच्या आरंभीच माधवरावांनी रूढी मोडू नये असाच इशारा दिला. दंगे झाले. अखेर मद्रासच्या गव्हर्नरांचा दबाव आल्यावर १८५९ साली दरबाराने तो हक्क मान्य केला, तोही मर्यादित स्वरूपात. जमाखर्चाला नेमके प्रश्न विचारणाऱ्या या बुद्धिमान पुरुषाने येथे मात्र ज्यांची अप्रतिष्ठा होत होती त्यांच्या बाजूने प्रश्न विचारला नाही. प्रश्न कितीही चांगला असला, तरी तो योग्य माणसाला विचारला नाही तर न्याय अपुरा राहतो, हा धडा त्यांच्या चरित्रातूनच मिळतो.

१८७२ साली त्रावणकोर सोडल्यावर त्यांनी इंदूरला होळकरांकडे दिवाणगिरी केली. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि बडोद्याचा विस्कटलेला कारभार माधवरावांच्या हाती आला. त्याच वर्षी महाराणी जमनाबाईंनी नाशिक भागातील कवळाणे गावच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना दत्तक घेतले. निवडीच्या वेळी, बडोद्याला कशासाठी आलास, असे मुलांना विचारण्यात आले आणि राज्य करण्यासाठी आलो, असे गोपाळरावांनी निर्भयपणे सांगितले, अशी आख्यायिका आहे. हेच पुढे महाराज सयाजीराव झाले.

राज्याची घडी बसविताना या तरुण राजाला घडविणे हेही दिवाणांचे काम होते. १८८१ साली, सयाजीरावांच्या हाती अधिकार येण्यापूर्वी, माधवरावांनी त्यांच्यापुढे राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ‘मायनर हिंट्स’ या नावाने ती ग्रंथरूपाने छापली गेली. राजाने प्रत्येक काम स्वतः करू नये, योग्य माणसे निवडावीत, त्यांच्या कामात उगाच ढवळाढवळ करू नये, घाईने वचन देऊ नये, खुशामत करणाऱ्यांपासून सावध राहावे आणि प्रजेचे हित हीच प्रत्येक निर्णयाची कसोटी मानावी, असा त्यांचा आशय आहे. राजाला न रुचणारे मतही सल्लागाराला निर्धास्तपणे मांडता आले पाहिजे, यावर त्यांचा भर होता.

या उपदेशाचे मर्म थोडक्यात असे सांगता येईल : हुकूम दिला की माणसाचे हात चालतात, मत विचारले की त्याची बुद्धी आणि मन दोन्ही कामाला लागतात. मात्र त्या विचारण्यात ऐकण्याची तयारी हवी. उत्तर आधीच ठरवून विचारलेला प्रश्न हाताखालच्या माणसाला केवळ पेचात पकडतो. चूक कोणाची झाली, असे विचारले की माणसे गप्प होतात. अडचण कोठे आली आणि आता काय करता येईल, असे विचारले की तीच माणसे पुढे येतात.

शिष्याला विचार करावयास शिकविणाऱ्याला एक किंमत मोजावी लागते : शिष्य एके दिवशी स्वतंत्र विचार करू लागतो. सयाजीरावांनी सूत्रे हाती घेतली, गुरु-शिष्यांत मतभेद झाले आणि १८८२ साली माधवराव बडोद्याहून निवृत्त झाले. परंतु प्रांतोप्रांती दौरे करून प्रजेची स्थिती स्वतः जाणून घेणाऱ्या त्याच राजाने १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. गुरूच्या शिकवणुकीचे याहून मोठे सार्थक कोणते?

निवृत्तीनंतर माधवरावांनी मलबारातील जमीनधाऱ्याच्या चौकशी समितीचे अध्यक्षपद भूषविले. १८८७ साली मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात ते स्वागताध्यक्ष होते. मुलांच्या संगोपनावर त्यांनी पुस्तिकाही लिहिली. १८९१ साली त्यांचे देहावसान झाले. तिरुवनंतपुरम येथे सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे, आणि त्या चौकाला लोक आजही नुसते स्टॅच्यू असेच म्हणतात.

चौकाच्या नावातून त्यांचे नाव गळून गेले असले, तरी त्यांची शिकवण जुनी झालेली नाही. वर्गात शिक्षक, घरात आईवडील, कचेरीत वरिष्ठ या प्रत्येकाच्या हाती कोणाचे ना कोणाचे मन उमलविण्याचा अधिकार असतो. साठ वर्षांत या शाळेच्या अंगणातून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज इतरांचे नेतृत्व करीत आहेत. लहानपणी बोट वर करून प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांनी येथे मिळविले. आता इतरांना आदराने विचारण्याची आणि शांतपणे ऐकण्याची पाळी त्यांची आहे.