सोवळ्यापलीकडच्या लक्ष्मीबाई

१० फेब्रुवारी १८९५ रोजी कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या कन्येचे बालपण वडिलांच्या कडकडीत सोवळ्यात गेलेले. अकराव्या वर्षी विवाह, पदरी लहानगा दत्तू आणि आता पती असूनही नसल्यासारखा. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीजवळ आल्या. पण चूल निराळी, पाणी निराळे.

टिळकांची विद्वत्ता त्यांचे मन वळवू शकली नाही. जातिभेद देवाचा नसून माणसांचाच असावा, असे एके दिवशी त्यांना आपल्याच विचाराने उमगले आणि त्यांनी विटाळ मानणे सोडले. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरचे त्यांचे घर परक्या मुलाबाळांनी गजबजले. पैसा मात्र टिकत नसे. टिळकांचे औदार्य संसाराला महागच पडे! तरी बाईंचा विनोद आटला नाही.

१९१९ मध्ये टिळक निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ या शाळेची पायरी न चढलेल्या बाईंनी पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग १९३६ मध्ये त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला.