एक्स्प्लेनर : विश्रांतीसाठी फ्रान्सला गेलेले गोखले युद्धात अडकले, लंडनमध्ये गांधीजी वाट पाहत राहिले, काय घडले होते १९१४ मध्ये?

युद्ध सुरू झाले की विमाने रद्द होतात, सीमा बंद होतात आणि परदेशात गेलेला माणूस जिथल्या तिथे अडकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधील आपल्या विद्यार्थ्यांसाठी किती घरे रात्र-रात्र जागी होती, हे आपण पाहिले. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी असाच प्रसंग एका मराठी नेत्यावर आला होता. ते नेते म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

गोखले कोण होते?

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. १३ व्या वर्षी वडील गेले. मोठे बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवत. गोखले १८८४ मध्ये पदवीधर झाले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक, न्यायमूर्ती रानडे यांचे शिष्य, १९०५ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष आणि त्याच वर्षी भारत सेवक समाजाचे संस्थापक, असा त्यांचा प्रवास झाला. गांधीजी त्यांना राजकीय गुरू मानत.

ते फ्रान्सला का गेले?

सरकारी नोकऱ्यांत भारतीयांना किती वाटा मिळावा, हे तपासण्यासाठी १९१२ मध्ये इस्लिंग्टन आयोग नेमला गेला. गोखले त्याचे सदस्य होते. साक्षी, कागदपत्रे आणि भारत-इंग्लंड प्रवास सतत सुरू होता. त्यात मधुमेह बळावलेला. म्हणून १९१४ च्या उन्हाळ्यात ते फ्रान्समधील विशी या गावी गेले. तिथले खनिज पाण्याचे झरे प्रसिद्ध आहेत. युरोपातील श्रीमंत मंडळी सुट्टीसाठी आणि मधुमेहासारख्या विकारांवर उपचारासाठी तिथे जात.

मग काय झाले?

ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत सारे चित्र पालटले. फ्रान्सने सैन्याची जमवाजमव सुरू केली. ३ ऑगस्टला जर्मनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले, ४ तारखेला ब्रिटन युद्धात उतरले. रेल्वेगाड्या सैनिकांसाठी लागल्या. गोखले पॅरिसमध्ये अडकले आणि लंडनशी संपर्क तुटला.

नेमके त्याच वेळी गांधीजी दक्षिण आफ्रिकेचा निरोप घेऊन कस्तुरबांसह लंडनकडे निघाले होते. हा वळसा त्यांनी गोखल्यांच्या भेटीसाठीच घेतला होता. समुद्रात पेरलेल्या सुरुंगांतून वाट काढत त्यांचे जहाज इंग्लंडला लागले. ६ ऑगस्टला ते लंडनला पोहोचले, पण गोखले तिथे नव्हते आणि कधी येतील हे कोणीच सांगू शकत नव्हते. भेट झाल्याशिवाय परत जायचे नाही, असे ठरवून गांधीजी थांबले. या मुक्कामात त्यांनी लंडनमधील भारतीयांचे जखमींच्या शुश्रूषेसाठी पथक उभारले.

भेट झाली का?

झाली. गोखले अखेर लंडनला परतले. मात्र विश्रांतीसाठी गेलेल्या माणसाला विश्रांती मिळालीच नव्हती. तोवर गांधीजीही फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहाने आजारी पडले. त्यांनी फळे आणि सुका मेवा एवढ्यावर न राहता डॉक्टरांचे ऐकावे, असा गोखल्यांचा आग्रह होता. गांधीजींनी विचाराला एक रात्र मागितली आणि दुसऱ्या दिवशी नम्रपणे नकार दिला. लंडनची थंडी सोसवेना म्हणून गोखले आधी भारतात परतले. ९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी मुंबईत उतरले.

पुढे काय झाले?

गांधीजींनी वर्षभर देश पाहावा, तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असा सल्ला गोखल्यांनी दिला. फेब्रुवारीत पुण्यात गांधीजींसाठी जमलेल्या मंडळींत गोखले आजारपणातही आले आणि तिथेच त्यांना भोवळ आली. काही दिवसांतच, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, ते गेले. वय अवघे ४८. इस्लिंग्टन आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो पाहायला ते नव्हते.

यवतमाळकरांनी हे का वाचावे?

त्या काळी यवतमाळात वकिली करणारे, मूळचे वणीचे लोकनायक बापूजी अणे टिळकपक्षाचे होते. गोखले मवाळ, टिळक जहाल, असेच आपण शाळेत शिकलो. पण १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडणारे गोखलेच होते. ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत आज मोफत शिकणारे प्रत्येक मूल त्या हरलेल्या मतदानाशी जोडलेले आहे.