विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह
सर विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह (११ जुलै, इ.स. १८११, स्वान्सी, वेल्स – १ ऑगस्ट, इ.स. १८९६, लंडन) हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ व न्यायाधीश होते. त्यांना इंधनघटाचे जनक मानले जाते. व्यवसायाने ते वकील होते.

इ.स. १८३९ मध्ये त्यांनी जस्त व प्लॅटिनम वापरून शक्तिशाली विद्युतघट बनवला. अमेरिकेतील तारायंत्रणेत तो वापरला गेला. मात्र त्यातून नायट्रोजन डायॉक्साइडचे विषारी धूर निघत.

इ.स. १८४२ मधील त्यांचा 'वायुघट' अधिक महत्त्वाचा ठरला. विरल सल्फ्युरिक आम्लात उभ्या केलेल्या नळ्यांत हायड्रोजन व ऑक्सिजन भरून, प्लॅटिनमच्या पट्ट्यांद्वारे त्यांनी वीज मिळवली. असे अनेक घट जोडून त्याच विजेने त्यांनी दुसऱ्या पात्रातील पाण्याचे विघटनही केले. वायू, द्रव व धातू जेथे एकत्र येतात तेथेच अभिक्रिया घडते, हे त्यांनी ओळखले. म्हणूनच पट्ट्यांवर त्यांनी प्लॅटिनमचा खडबडीत थर चढवला होता, तरीही क्रियाशील पृष्ठभाग अपुराच पडला. आजच्या इंधनघटांत कार्बनवर विखुरलेले प्लॅटिनमचे नॅनोकण हीच उणीव भरून काढतात.

पुढे वकिलीने त्यांचा बराचसा वेळ घेतला व वायुघट प्रयोगशाळेपुरताच राहिला. इ.स. १८७१ मध्ये ते न्यायाधीश झाले, तर इ.स. १८८७ मध्ये निवृत्त झाले.