आयव्ही ली : प्रसिद्धिपत्रकाचा प्रवर्तक

उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात जाहिरात आणि प्रसिद्धिपत्रक हे दोन स्वतंत्र लेखनप्रकार म्हणून आपल्यासमोर येतात. त्यांतील सीमारेषा आरंभीच्या काळात ठळकपणे आखणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील आयव्ही लेडबेटर ली यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. त्यांचे चरित्र अभ्यासताना ही सीमारेषा त्यांनी स्वतः कितपत पाळली, याकडेही आपण लक्ष द्यावे.

ली यांचा जन्म १६ जुलै १८७७ रोजी जॉर्जिया राज्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १८९८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कमध्ये वार्ताहर झाले. जनसंपर्क हा तेव्हा विद्यापीठीय विषय नव्हता. ली तो वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत शिकले.

१९०६ च्या कोळसा खाणींतील संपात मालकांनी त्यांना नेमले. त्या वेळी ली यांनी संपादकांकडे एक तत्त्वनिवेदन धाडले. आपले काम उघडपणे चालेल, पुरविलेला मजकूर अचूक असेल, अधिक तपशील मागताच मिळेल आणि जो मजकूर जाहिरात वाटेल तो संपादकांनी खुशाल वगळावा, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. अपघात दडपण्याची रेल्वे कंपन्यांची जुनी रीत सोडून ली यांनी स्वतःच निवेदन प्रसृत केले. तेच पहिले प्रसिद्धिपत्रक असे अनेक ठिकाणी म्हटले जाते. असे पहिलेपणाचे दावे आपण जपूनच स्वीकारावेत. मात्र त्या निवेदनाचे महत्त्व निर्विवाद आहे.

खरी कसोटी आठ वर्षांनी लागली. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूवस्तीवर सशस्त्र हल्ला झाला. तंबूखालच्या खड्ड्यात आश्रय घेतलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले मृत्युमुखी पडली. खाणकंपनीवर रॉकफेलर कुटुंबाचे नियंत्रण होते. त्यांच्या वतीने ली यांनी देशभर पत्रके पाठविली. संघटनेच्या पुढाऱ्यांना वर्षभरात मिळालेली रक्कम त्यांत अवघ्या नऊ आठवड्यांची मिळकत म्हणून छापली गेली. पुढे शासकीय आयोगासमोर ली यांना सांगावे लागले की, कंपनीकडून आलेली माहिती त्यांनी स्वतः पडताळली नव्हती. अचूकतेची हमी ज्यांनी लेखी दिली होती, त्यांचीच ही कबुली! लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी त्यांना एका विषारी वेलीचे नाव बहाल केले. ते त्यांना कायमचे चिकटले.

या प्रकरणानंतर धाकटे रॉकफेलर १९१५ मध्ये खाणींवर जाऊन कामगारांना भेटले, त्यामागे ली यांचा सल्ला होता. ही भेट म्हणजे धोरणातील बदल की केवळ प्रतिमासंवर्धन, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आमच्या मते तीत दोन्ही अंश होते, कारण पाठोपाठ कामगार-प्रतिनिधित्वाची योजना आली खरी, पण स्वतंत्र संघटनेला तीत मान्यता नव्हती.

१९३४ मध्ये जर्मनीतील आय. जी. फार्बेन या रसायन-उद्योगाला सल्ला दिल्याबद्दल अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने ली यांची साक्ष घेतली. ती त्याच जुलैमध्ये प्रसिद्ध झाली आणि वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. ९ नोव्हेंबर १९३४ रोजी मेंदूतील गाठीच्या विकाराने वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.