प्रवासी पेटीला नवे रूप देणारा कारागीर : लुई व्हिटॉन

सकाळच्या विमानाने दिल्ली गाठून रात्री मुंबईला परतणाऱ्या व्यावसायिकाच्या हातात आज एकच बॅग दिसते. आसनावरील कप्प्यात ती नेमकी बसते, तिच्यात कोट चुरगळत नाही आणि तिच्यावर दुसरी बॅग सहज ठेवता येते. बॅगेचा आकार वाहनाच्या सोयीने ठरवावा, हा विचार आता कोणाला नवा वाटत नाही. मात्र तो रूढ करण्यात एकोणिसाव्या शतकातील एका फ्रेंच कारागिराचा मोठा वाटा होता. लुई व्हिटॉन हे त्याचे नाव. हे नाव आज श्रीमंतीची खूण बनले असले, तरी ते धारण करणारा माणूस पॅरिसमधील पहिली सतरा वर्षे दुसऱ्याच्या दुकानात लोकांचे सामान बांधून देत होता.

पूर्व फ्रान्समधील जुरा या डोंगराळ प्रदेशात आंशे नावाचे खेडे आहे. तेथे ४ ऑगस्ट १८२१ रोजी लुईचा जन्म झाला. वडील शेतकरी होते, तर आई टोप्या शिवत असे. लुई दहा वर्षांचा असताना आईचे छत्र हरपले. पुढे घरात सावत्र आई आली. १८३५ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने घर सोडले आणि पायीच पॅरिसची वाट धरली. हे अंतर सुमारे ४७० किलोमीटरचे. वाटेत मिळेल ते काम करीत, मिळेल तेथे निवारा शोधीत तो १८३७ साली राजधानीत पोहोचला. पॅरिसहून सुटणारा पहिला प्रवासी रेल्वेमार्ग त्याच वर्षी सुरू झाला, हा योगायोग त्याच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरला.

पॅरिसमध्ये मारेशाल नावाच्या पेटी बनविणाऱ्याकडे तो उमेदवारी करू लागला. या व्यवसायातील माणसे केवळ पेट्या विकत नसत. ग्राहकाच्या घरी जाऊन, सामानाच्या मापाची पेटी तयार करून त्यात कपडे व मौल्यवान वस्तू भरून देणे हेही त्यांचेच काम होते. घेरदार झगा कसा घडी घालावा, काचेच्या वस्तूंना धक्का कसा लागू देऊ नये, याचे ज्ञान तेथे हाताला लागत गेले. १८५३ साली सम्राट तिसरा नेपोलियन याचा युजेनीशी विवाह झाला आणि या नव्या सम्राज्ञीचे सामान बांधण्याची जबाबदारी व्हिटॉन यांच्याकडे आली. राजदरबाराच्या विश्वासामुळे उच्चभ्रू वर्गाची दारे त्यांना उघडली. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी त्यांनी पॅरिसमध्ये स्वतःचे दुकान थाटले.

त्या काळच्या पेट्यांचे झाकण घुमटासारखे असे. घोडागाडीच्या टपावर ठेवलेल्या पेटीवरून पावसाचे पाणी ओघळून जावे, हा त्यामागील हेतू. परंतु आगगाडीच्या सामानडब्यात किंवा बोटीच्या तळघरात अशा पेट्या एकावर एक रचता येत नसत. १८५८ साली व्हिटॉन यांनी सपाट झाकणाची पेटी बाजारात आणली. सपाट झाकणावर पाणी साचण्याचा धोका होता. त्यावर त्यांनी चामड्याऐवजी करड्या रंगाच्या, लेप देऊन जलरोधक केलेल्या कॅनव्हासचा उपाय योजला. आतील सांगाडा हलक्या पॉप्लर लाकडाचा होता, वर लाकडी पट्ट्या व धातूचे कोपरे होते आणि आत कपड्यांसाठी वेगवेगळे खण होते. पेटी हलकी झाली, मजबूत झाली आणि रचण्याजोगी झाली.

मागणी वाढताच १८५९ साली पॅरिसजवळील आनिएर येथे सीन नदीकाठी त्यांनी कारखाना उभारला. लाकूड नदीतून येई आणि तयार माल पॅरिसला नेण्यासाठी रेल्वे जवळच होती. मात्र ही घडी फार काळ टिकली नाही. १८७० साली फ्रान्स व प्रशियाचे युद्ध पेटले आणि पॅरिसला वेढा पडला. युद्ध संपल्यावर व्हिटॉन आनिएरला परतले, तेव्हा कारखाना उद्ध्वस्त झाला होता, अवजारे चोरीला गेली होती आणि कारागीर पांगले होते. ज्या सम्राज्ञीमुळे नावलौकिक मिळाला, तिचे राज्यही लयाला गेले होते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी पुन्हा शून्यातून सुरुवात केली आणि १८७१ साली रु स्क्रिब या रस्त्यावर नवे दुकान उघडले.

दुसरे संकट अधिक चिवट होते. त्यांच्या करड्या पेटीची नक्कल सर्रास होऊ लागली. १८७२ साली त्यांनी पट्ट्यापट्ट्यांचे कॅनव्हास आणले, तर १८७६ साली त्या पट्ट्यांचे रंग बदलले. तरीही नकला थांबेनात. अखेर १८८८ साली बुद्धिबळाच्या पटासारखे चौकडीचे कॅनव्हास आले व त्यावर नोंदणीकृत नाव छापण्यात आले. दरम्यान, १८८६ च्या सुमारास पुत्र जॉर्ज यांच्यासह त्यांनी पेटीसाठी सहज न उघडणारे कुलूप विकसित केले. ग्राहकाला आपल्या सर्व पेट्यांसाठी एकच किल्ली पुरत असे.

२७ फेब्रुवारी १८९२ रोजी आनिएर येथेच व्हिटॉन यांचे निधन झाले. आद्याक्षरे व फुलांची जी नक्षी आज जगभर ओळखली जाते, ती त्यांनी पाहिलीच नाही. ती जॉर्ज यांनी १८९६ साली आणली आणि तिचाही एक हेतू नकलांना आळा घालणे हाच होता. मराठी राज्यकर्त्यांशीही या घराण्याचा संबंध आला. १९२६ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी या कंपनीने चहाच्या सरंजामाची खास पेटी तयार केली होती.

पुढे विमाने आली. १९८७ साली रॉबर्ट प्लॅथ या अमेरिकी वैमानिकाने उभ्या बॅगेला चाके व ओढण्याची दांडी जोडली आणि व्यावसायिकांचा प्रवास आणखी सुटसुटीत झाला. वाहन बदलले की बॅगही बदलावी लागते, हे त्यातून पुन्हा सिद्ध झाले. आज व्हिटॉन यांच्या नावाच्या वस्तूसाठी ग्राहक मोठी किंमत मोजतात ती प्रामुख्याने वरच्या नक्षीकडे पाहून. खुद्द व्हिटॉन यांनी मात्र आधी आतील कपड्याचा विचार केला. वरची नक्षी ही त्या कामाच्या रक्षणासाठी नंतर आलेली गोष्ट होती.