दगडांच्या ढिगातून सोनं काढतात, त्यामागचं डोकं या माणसाचं

फोडलेल्या दगडांचा डोंगराएवढा ढीग. खाली जाड प्लॅस्टिकचं अस्तर, वर ठिबकच्या नळ्या. लांबून शेतीच वाटेल. पण नळ्यांतून पाणी नाही, सायनाईडचं पातळ द्रावण थेंब थेंब पडतं. ते झिरपताना सोनं विरघळवतं आणि खालच्या तळ्यात जमा होतं. अस्तर फाटलं तर विष थेट भूजलात, त्यामुळे डिझाईनमध्ये सगळ्यात जास्त डोकं तिथंच लागतं.

या सगळ्याचं मूळ आहे ग्लासगोमध्ये. तिथं १८५६ मध्ये जन्मलेले केमिस्ट जॉन स्टुअर्ट मॅकआर्थर यांनी रॉबर्ट आणि विल्यम फॉरेस्ट या डॉक्टर भावांसोबत प्रयोग केले आणि १८८७ मध्ये पेटंट घेतलं. सायनाईडमध्ये सोनं विरघळतं हे आधीच माहीत होतं. मॅकआर्थर यांनी दाखवलं की द्रावण अगदी पातळ ठेवलं तर ते बाकी धातूंपेक्षा सोन्याला आधी धरतं. मग जस्ताच्या किसावरून नेलं की सोनं परत मिळतं.

तेव्हा जोहान्सबर्गच्या खाणी अडचणीत होत्या. खोल गेल्यावर गंधकयुक्त दगड लागला आणि पाऱ्याने सोनं निघेना. १८९० मध्ये ही पद्धत तिथं पोहोचली. दळलेला दगड टाक्यांत भिजवायला लागले आणि खाणी सावरल्या. बदल्यात काय मिळालं? खाणमालक कोर्टात गेले, १८९६ मध्ये तिथलं पेटंट रद्द झालं.

मॅकआर्थर पुढे रेडियमच्या धंद्यात उतरले, १९२० मध्ये वारले. अमेरिकेतल्या नेवाडात ढिगांची पद्धत रुळली ती त्यानंतर पन्नासेक वर्षांनी.