केरूनानांचे नाविक पंचांग

गिरगावातील चाळीत भिंतीवरच्या दिनदर्शिकेत संकष्टीचा चंद्रोदय पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की पंचांगाच्या गणिताला आधुनिक वेधांची जोड देण्याचा महाराष्ट्रातील मोठा खटाटोप ज्या ग्रंथाच्या आधारे झाला, तो मुळात दर्यावर्दी लोकांसाठी रचलेला होता? तो ग्रंथ म्हणजे इंग्रजांचे ‘नॉटिकल अल्मनॅक’, आणि खटाटोप करणारे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना.

त्यांचा जन्म 1825 मध्ये अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. मुंबईत बाळशास्त्री जांभेकर व प्रा. ऑर्लिबार यांच्या हाताखाली ते शिकले आणि वयाची विशी गाठण्यापूर्वीच कुलाब्याच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागले. ही वेधशाळा कंपनी सरकारने 1826 मध्ये स्थापिली ती ज्ञानाच्या ओढीने नव्हे. बंदरातील गलबतांना अचूक वेळ मिळावी, हा तिचा हेतू. कारण घड्याळ चुकले की रेखांश चुकतो, आणि रेखांश चुकला की जहाज खडकावर जाते. पुढे 1841 पासून तेथे भूचुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. होकायंत्राची सुई नेमकी उत्तर दाखवीत नाही. तिचा कल स्थलपरत्वे व कालपरत्वे बदलतो. हे कोडे एका देशाला सुटण्यासारखे नव्हते. म्हणून जर्मनीत गाउसने गोटिंगेन शहराच्या वेळेनुसार ठिकठिकाणी एकाच क्षणी नोंदी घेण्याची प्रथा घातली होती, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीच्या प्रेरणेने कुलाबाही त्या साखळीत गोवला गेला. मुंबईचे घड्याळ गोटिंगेनच्या पुढे सुमारे सव्वाचार तास. त्याचा हिशेब ठेवीत येथील तरुण साहाय्यक रात्री जागवीत होते. केरूनानांनी या शिस्तीत सुमारे दहा वर्षे काढली.

पुण्यात ते गणिताचे प्राध्यापक झाले; टिळक आणि आगरकर त्यांचे विद्यार्थी. ही कीर्ती सर्वश्रुत आहे. कुलाब्याचा खरा ठसा मात्र त्यांच्या पंचांगकार्यावर दिसतो. आपली पंचांगे तेव्हा गणेश दैवज्ञांच्या 1520 मधील ‘ग्रहलाघवा’वर चालत. ग्रंथ अप्रतिम, पण साडेतीनशे वर्षांत आकाश त्याच्या गणितापासून सरकले होते. केरूनानांनी 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि 1865 पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नॉटिकल अल्मनॅकवर आधारलेले पंचांग सुरू केले. तेच पटवर्धनी पंचांग. समुद्र आणि पंचांग यांचे नाते आपण समजतो तितके दूरचे नाही. तिथीवरून भरतीची वेळ सांगणाऱ्या कुलाब्याच्या कोळ्याला ते कोणी शिकवावे लागत नाही.

लोकांनी मात्र हे पंचांग स्वीकारले नाही. दोष केवळ लोकांच्या रूढिप्रियतेचा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रहगणित शुद्ध करणे ही एक गोष्ट. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा, ही दुसरी. केरूनानांनी तो रेवतीच्या एका तारकेपासून धरला, आणि त्यामुळे रूढ अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक पडून संक्रांत चार दिवस अलीकडे आली. पहिल्या सुधारणेला आकाशाची साक्ष होती, दुसरीला केवळ तर्काची. दोन्ही एकत्र बांधल्यामुळे निर्विवाद गोष्टही वादात सापडली. पुढे टिळकांनी गुरूंचा हाच पक्ष उचलला. टिळक पंचांगातील संक्रांत आजही इतरांच्या आधीच येते.

केरूनाना मार्च 1884 मध्ये निवर्तले. त्याच वर्षी ऑक्टोबरात वॉशिंग्टन येथे 25 राष्ट्रांच्या परिषदेने ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य मानले. स्वतंत्र भारताने 1957 मध्ये राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, आणि 1958 पासून आपले स्वतःचे नाविक पंचांगही निघू लागले. कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी तर मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 ते 1906 या काळात अलिबागला हलविण्यात आल्या. नागावापासून थोड्याच अंतरावरची ती वेधशाळा आजही आपल्या नोंदी आंतरराष्ट्रीय जाळ्याला पुरवीत आहे.